प्रोजेक्टर घेताय? '४के' नंतर बघा, आधी काळा रंग बघा

मागच्या उन्हाळ्यात पिंपळनेरला माझ्या चुलत भावाने, म्हणजे आमच्या दादाने, कांदा विकून आलेल्या पैशातून ऑनलाइन प्रोजेक्टर मागवला. किंमत सात हजारांच्या आसपास. बॉक्सवर मोठ्या अक्षरात '१२,००० ल्युमेन', '४के सपोर्ट', 'एचडीआर' आणि '२०० इंच'. रविवारी दुपारी साडेतीनची आयपीएल मॅच होती. घरचे आणि गल्लीतले मिळून पंधरा जण हॉलमध्ये जमले, प्रोजेक्टर सुरू झाला आणि भिंतीवर दुधात पाणी घातल्यासारखं काहीतरी हलायला लागलं. बॉल सोडा, बॅट्समनही ओळखू येत नव्हता. मागून काकांचा आवाज आला, "काहीच दिखत नही भो!" पाच मिनिटांत सगळे उठून टीव्हीसमोर बसले.

संध्याकाळी दादाने ताईच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. खरं तर प्रोजेक्टर त्यासाठीच घेतला होता, आजीला मोठ्या पडद्यावर लग्न दाखवायचं होतं. आता चित्र दिसत होतं, पण हळदीच्या कार्यक्रमात ताईचा चेहरा हिरवट आणि काळी शेरवानी घातलेले जिजाजी राखाडी. आजी म्हणाली, "पोरगी आजारी होती का तेव्हा?"

दादाने मला फोन केला, "प्रोजेक्टर खराब निघाला का रे?" खराब नव्हता. तो जेवढा होता तेवढाच होता, बॉक्स मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी मशीनबद्दल बोलत होता. आज आपण हेच बघूया, की प्रोजेक्टरचं चित्र आणि रंग चांगले कशामुळे होतात आणि घेण्याआधी किंवा रिटर्नची मुदत संपायच्या आत तुमच्या हातातल्या फोननेच ते कसं तपासायचं.

प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही

ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकी सगळं सोपं होतं. तुमच्या फोनमध्ये ओएलईडी स्क्रीन असेल तर काळा रंग दाखवताना तिथले पिक्सेल चक्क बंद होतात. प्रोजेक्टरला तसं करता येत नाही. तो फक्त उजेड फेकतो, आणि काळा उजेड नावाची वस्तू जगात नाही. म्हणजे चित्रात जिथे काळं हवं तिथे प्रोजेक्टर उजेड अडवायचा प्रयत्न करतो आणि मागे जी भिंत उरते तोच तुमचा काळा रंग. प्रोजेक्टर बंद असताना भिंत जेवढी उजळ दिसते, त्याहून जास्त काळं चित्र त्या भिंतीवर कधीच दिसणार नाही.

आता दादाच्या दुपारच्या मॅचचा हिशोब लावू. भिंतीवर किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजतात. खिडकीतून येणाऱ्या उजेडामुळे भिंतीवर साधारण २०० लक्स होते. प्रोजेक्टर १०० इंचाच्या चित्रावर स्वतःचे जेमतेम ५० लक्स टाकत होता (हा आकडा कुठून आला ते पुढे सांगतो). म्हणजे चित्रातला पांढरा भाग २५० आणि काळा भाग २००. दोन्हींत फरक फक्त सव्वा पट! डोळ्याला ती जवळजवळ कोरी भिंतच वाटणार.

चांगला प्रोजेक्टर असता तर? समजा खरे १००० ल्युमेन देणारा महागडा घेतला आणि ट्यूबलाइट चालू ठेवली, भिंतीवर १०० लक्स. १०० इंचाच्या चित्रावर तो साधारण ३६० लक्स टाकेल. पांढरा ४६०, काळा १००, म्हणजे साडेचार पट. तोच प्रोजेक्टर, ट्यूबलाइट बंद, पडदे लावलेले, भिंतीवर उरले ५ लक्स, तर फरक थेट सत्तर पटींच्या पुढे. एक पैसा खर्च न करता, फक्त बटण दाबून.

जुन्या लोकांना हे बरोबर कळायचं. जत्रेत तंबूतला सिनेमा अंधार पडल्यावरच सुरू व्हायचा, कारण कापडातून दिवसाचा उजेड आत येतो. (महाराष्ट्रातल्या या फिरत्या सिनेमांवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाची छान डॉक्युमेंटरी आहे, २०१६ ला कान महोत्सवात दाखवली गेली होती. मिळाली तर नक्की बघा.) आपल्याकडे मे महिन्यात सूर्य सातच्या पुढे मावळतो. त्यामुळे साडेसातच्या मॅचला प्रोजेक्टर चालतो, साडेतीनच्या मॅचला टीव्हीच लावा. एवढं मान्य नसेल तर प्रोजेक्टर घेऊ नका. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

'१२,००० ल्युमेन' म्हणजे नक्की काय?

खरं सांगायचं तर, काहीच नाही. नुसतं 'ल्युमेन', 'एलईडी ल्युमेन' किंवा 'लाइट सोर्स ल्युमेन' असं लिहिलं असेल तर तो आकडा कसा मोजला हे कुणालाच माहीत नसतं. कधी आतल्या दिव्याचा उजेड मोजलेला असतो, कधी तोही नाही. लेन्समधून बाहेर पडून भिंतीवर पोहोचणारा उजेड त्याच्या कितीतरी कमी असतो.

'एएनएसआय ल्युमेन' किंवा 'आयएसओ ल्युमेन' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच आकडा वाचायचा. एएनएसआयच्या पद्धतीत पांढऱ्या चित्राचे ९ सारखे भाग करतात, प्रत्येक भागाच्या मधोमध लक्स मोजतात, सरासरी काढतात आणि चित्राच्या क्षेत्रफळाने गुणतात. बस्स एवढंच. आणि मजा म्हणजे हे तुम्ही घरी करू शकता.

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेल्फी कॅमेऱ्याजवळ उजेडाचा सेन्सर असतो, त्यामुळेच ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त होतो. प्ले स्टोअरवरून कुठलंही फुकट लक्स मीटर अॅप घ्या. (आयफोनमध्ये असे अॅप कॅमेऱ्यावरून अंदाज लावतात, तिथे आकडा जास्त डळमळीत.) आता खोली पूर्ण अंधारी करा आणि चित्राचा आकार ६० इंच करा, म्हणजे टेपने मोजून १३३ सेंटिमीटर रुंद आणि ७५ सेंटिमीटर उंच. ६०च का? कारण त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ बरोबर १ चौरस मीटर येतं, त्यामुळे गुणाकार करायची गरजच नाही, जेवढे लक्स तेवढेच ल्युमेन! पूर्ण पांढरा फोटो लावा, फोनची पाठ भिंतीला टेकवा, स्क्रीन प्रोजेक्टरकडे करा आणि ९ ठिकाणचे आकडे लिहून सरासरी काढा. मोजताना हात आणि डोकं उजेडाच्या आड येऊ देऊ नका, मी पहिल्यांदा तेच केलं होतं.

फोनचा सेन्सर प्रयोगशाळेतला मीटर नाही, आकडा थोडा वर-खाली होणारच. पण १२ हजार आणि खरा आकडा यांतला फरक पकडायला तो भरपूर आहे. दादाच्या प्रोजेक्टरचा आकडा आला १४०. बारा हजार नाही, बाराशे नाही, एकशे चाळीस. शिवाय मधोमध उजेड आणि कोपऱ्यात त्याच्या निम्मासुद्धा नाही.

मग किती ल्युमेन पुरतात?

इथे एक चांगली बातमी आहे. डिजिटल सिनेमाच्या मानकाप्रमाणे थिएटरमध्ये पडद्यावरचा पांढरा रंग फक्त ४८ निट असावा लागतो. तुमच्या फोनच्या जाहिरातीत १००० निट लिहिलेलं असतं, आणि थिएटरमध्ये ४८! तरी तिथलं चित्र मस्त दिसतं, कारण अंधार.

साध्या पांढऱ्या पडद्यावर १०० इंचाला ४८ निट हवे असतील तर सुमारे ४२० खरे ल्युमेन लागतात. ८० इंचाला २७० च्या आसपास आणि १२० इंचाला ६००. पण दोन गोष्टी धरून चाला. एक म्हणजे रंग चांगले दिसणाऱ्या सिनेमा मोडमध्ये प्रोजेक्टरचा उजेड कमी होतो, आणि दुसरं म्हणजे वापरून दिवा हळूहळू मंद होतो, लॅम्पवाल्या मॉडेलमध्ये जरा लवकर. म्हणून बॉक्सवरचे एएनएसआय ल्युमेन हिशोबापेक्षा दीडपट तरी असलेले बरे. अंधाऱ्या खोलीत ९०-१०० इंचासाठी ६००-७०० एएनएसआय पुष्कळ झाले. हॉलमध्ये थोडा उजेड राहणारच असेल तर दोन-तीन हजारांच्या गोष्टी सुरू होतात आणि बजेटही तसंच वाढतं.

दादाचे १४० ल्युमेन? १०० इंचावर १६ निट, म्हणजे मरगळलेलं चित्र. पण ६० इंचावर ४५ निट, जवळजवळ थिएटरइतके. चित्र लहान केलं असतं तर तोच प्रोजेक्टर रात्री बरा दिसला असता. '२०० इंच' लिहिलं आहे म्हणून भिंतभर चित्र ताणायचं नसतं. आकार दुप्पट केला की तोच उजेड चौपट जागेत पसरतो.

हळद हिरवी का दिसली?

रंगांकडे येऊ. सिनेमे, मालिका, यूट्यूब हे सगळं साधारणपणे 'आरईसी ७०९' नावाच्या रंगमानकात बनतं, आणि त्यात पांढऱ्या रंगाची छटा ६५०० केल्विन धरलेली असते. प्रोजेक्टर ही छटा पाळत असेल तर त्वचा त्वचेसारखी दिसते. पण दुकानात उजळ दिसावं म्हणून बरेच प्रोजेक्टर 'ब्राइट' किंवा 'डायनॅमिक' मोडवर सेट करून येतात आणि त्या मोडमध्ये पांढरा रंग निळसर किंवा हिरवट झुकतो. कारण साधं आहे, माणसाच्या डोळ्याला हिरवा उजेड सगळ्यात जास्त जाणवतो, त्यामुळे हिरवा वाढवला की ल्युमेनचा आकडा फुगतो. ताईच्या हळदीची वाट तिथेच लागली. मोड बदलून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' केला आणि कलर टेंपरेचर 'वॉर्म' केलं, तेव्हा निम्मा आजार बरा झाला.

उरलेला अर्धा भिंतीचा होता. आमच्या हॉलच्या भिंती पिस्ता रंगाच्या आहेत. पिस्ता भिंतीवर पांढरा उजेड पडला की परत पिस्ताच येणार ना! चित्राची भिंत मॅट पांढरी हवी, चमकणारा ऑइलपेंट नको. बाजूच्या भिंती आणि छतही रंग परत फेकतात, तिथे गडद चादर टांगली तरी फरक पडतो. पांढरी चादरच पडदा म्हणून लावणार असाल तर तिच्यामागे काळं कापड लावा, नाहीतर बराचसा उजेड आरपार निघून जातो.

आता मशीनच्या आतला मामला. घरगुती प्रोजेक्टर मुख्यतः तीन जातींचे. स्वस्तातले एका एलसीडी पॅनलचे असतात, साधारण फोनच्या स्क्रीनमागे टॉर्च लावल्यासारखं. काळा रंग कमजोर, कोपरे मंद. दुसरी जात डीएलपी, यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची सूक्ष्म आरशांची चिप असते. कडा धारदार, कॉन्ट्रास्ट बरा. पण एकच चिप लाल, हिरवा, निळा हे रंग एकामागून एक दाखवते, त्यामुळे काहींना मान हलवताना पांढऱ्या अक्षरांभोवती इंद्रधनुष्य चमकल्यासारखं दिसतं. सगळ्यांना दिसत नाही. तुम्हाला दिसतं का, ते दुसऱ्याचा प्रोजेक्टर बघून आधीच ठरवा. तिसरी जात तीन एलसीडी पॅनलची, एप्सनच्या प्रोजेक्टरमध्ये असते ती. तिन्ही रंग एकदम येतात, इंद्रधनुष्य नाही. काळा रंग मात्र मॉडेलप्रमाणे बदलतो.

डीएलपीत आणखी एक मेख आहे. दिव्यापुढे फिरणाऱ्या रंगीत चकतीत काही कंपन्या लाल-हिरव्या-निळ्याबरोबर एक पारदर्शक भागही ठेवतात. त्याने पांढरा रंग खूप उजळतो आणि ल्युमेनचा आकडा वाढतो, पण रंगांना त्याचा काही फायदा नाही. पांढरा लखलखीत आणि शेजारचा पिवळा मोहरीसारखा मळकट. ऑफिस-शाळांसाठी बनवलेल्या प्रोजेक्टरमध्ये हे बरंच दिसतं, कारण तिथे पांढऱ्या पानावर काळी अक्षरं वाचली की काम झालं. जुना ऑफिस प्रोजेक्टर स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

हे पकडायलाही तेच लक्स अॅप चालतं. पूर्ण पांढऱ्या चित्राचे लक्स घ्या, मग पूर्ण लाल, पूर्ण हिरवं, पूर्ण निळं असे तीन फोटो लावून प्रत्येकाचे. तिघांची बेरीज पांढऱ्याच्या जवळपास आली पाहिजे. पांढरा ४०० आणि बेरीज ३७०-३८० असेल तर ठीक. बेरीज २०० वरच अटकली तर समजा की उरलेला उजेड फक्त पांढऱ्यासाठी आहे. फोनचा सेन्सर निळ्यात थोडा चुकतो, म्हणून दहा-पंधरा टक्क्यांवरून भांडू नका, निम्म्याचा फरक असेल तर मात्र भांडा.

आकड्यांचा कंटाळा असेल तर ओळखीचे फोटो वापरा. मी आता फोनमध्ये चारच ठेवतो. हळदीचा, पिकलेल्या केळीच्या घडाचा (जळगावकरांना केळीचा पिवळा कुणी शिकवायला नको), मोकळ्या काळ्या केसांचा आणि पांढऱ्या धोतरातल्या आजोबांचा. केसांत बटा वेगळ्या दिसतात का, धोतराच्या चुण्या दिसतात का की नुसता पांढरा ठिपका? तुलना करताना फोनचा डिस्प्ले मोड 'व्हिव्हिड'वरून 'नॅचरल'वर आणा, नाहीतर फोनच खोटं बोलत असतो.

काळ्यासाठी सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे वर-खाली काळ्या पट्ट्या असलेला सिनेमा लावा. त्या पट्ट्या आणि चित्राबाहेरची अंधारी भिंत यांत फरक किती दिसतो? पट्टी भिंतीत जितकी मिसळून जाईल तितका प्रोजेक्टर चांगला. बॉक्सवरचा '१०,०००:१ डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' यापुढे काही कामाचा नाही.

४के, एचडीआर आणि बाकी शब्द

'४के सपोर्ट' म्हणजे ४के व्हिडिओ आत घेतो, दाखवतो मात्र त्याच्या पॅनलइतकाच. 'नेटिव्ह रिझोल्यूशन' ही ओळ शोधा. ती नसेल तर पुढच्या प्रोजेक्टरकडे वळा. १९२० × १०८० नेटिव्ह असेल तर १०० इंचावर एक पिक्सेल साधारण १.१५ मिलिमीटरचा येतो आणि दहा फुटांवरून डोळ्याला तो सुटा दिसणं अवघड. माझं मत विचाराल तर घरच्या हॉलला चांगला १०८०पी बस आहे. वाचलेले पैसे कॉन्ट्रास्टवर आणि पडद्यांवर घाला. बऱ्याच '४के' डीएलपीमध्ये चिप १०८०पीचीच असते, ती अतिशय वेगाने चार वेळा किंचित सरकवून ८३ लाख पिक्सेल पडद्यावर आणतात. ती फसवणूक नाही, चित्र खरंच बारीक दिसतं, पण महाग असतं.

एचडीआरचं मात्र मनावर घेऊ नका. ते व्हिडिओ साधारण हजार निट डोळ्यासमोर ठेवून बनवतात आणि आपण आहोत पन्नासवर. स्वस्त प्रोजेक्टरमध्ये एचडीआर चालू केलं की चित्र उलट काळवंडतं, तिथे साधा एसडीआर व्हिडिओच छान दिसतो.

कीस्टोनचंही तसंच. प्रोजेक्टर तिरका ठेवून कीस्टोनने चौकोन सरळ केला तर तेवढे पिक्सेल वाया जातात आणि कडा मऊ होतात. शक्यतो तो चित्रासमोर सरळ ठेवा. घेण्याआधी थ्रो रेशो बघून खोली मोजा. १.३ असेल तर अडीच मीटरवरून १.९ मीटर रुंद, म्हणजे सुमारे ८७ इंचाचं चित्र येईल.

फोनवरून बघणाऱ्यांसाठी एक इशारा. नेटफ्लिक्ससारखे अॅप स्क्रीन मिररिंगमध्ये बहुतेक वेळा काळी स्क्रीन दाखवतात, आणि परवाना नसलेल्या अँड्रॉइड प्रोजेक्टरवर चाललेच तर ४८०पीवर अडकतात. बजेट फोनच्या टाइप-सी पोर्टमधून एचडीएमआयही बहुधा निघत नाही. त्यामुळे एक चांगली टीव्ही स्टिक वेगळी घ्यायची तयारी ठेवा.

खानदेशातला उन्हाळा आणि धूळ

हे परदेशी रिव्ह्यूत कुणी सांगत नाही. बऱ्याच प्रोजेक्टरच्या मॅन्युअलमध्ये ३५ किंवा ४० अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याची खोली असेल तर रात्री नऊलाही आत भट्टी असते. मागची-बाजूची हवेची जागा मोकळी सोडा, कोपऱ्यातल्या कपाटात कोंबू नका. आणि 'सील्ड ऑप्टिकल इंजिन' असलेला घ्या. उघड्या इंजिनात पंखा हवेबरोबर धूळही आत ओढतो, ती पॅनलवर बसली की काळ्या दृश्यात धुरकट ठिपके दिसतात आणि ते बाहेरून पुसता येत नाहीत. लॅम्पवाला प्रोजेक्टर असेल तर इन्व्हर्टरवर ठेवा. अचानक वीज गेली की पंखा थांबतो आणि तापलेल्या लॅम्पचं आयुष्य घटतं. एलईडी आणि लेझरला ही कटकट कमी.

दादाने पहिला प्रोजेक्टर मुदतीत परत केला, लक्सचे ९ आकडे आणि बॉक्सचा फोटो जोडून. पैसे यायला वेळ लागला, पण आले. दिवाळीनंतर त्यात भर घालून त्याने नेटिव्ह १०८०पी, सील्ड इंजिनचा, बॉक्सवर ५०० एएनएसआय लिहिलेला घेतला. मी लिहिलंय त्याच्या दीडपट नाही, बजेट तेवढंच होतं, म्हणून चित्र ९० इंचावर थांबवलं. फोनने मोजले तर ब्राइट मोडला ४२०, सिनेमा मोडला ३३० आले. हिशोब लावला तर ४७ निट. हॉलची एक भिंत मॅट पांढरी झाली, बाकीची पिस्ता तशीच आहे, कारण काकू ऐकत नाहीत. रात्री साडेआठला ट्यूबलाइट बंद करून पुन्हा लग्नाचा व्हिडिओ लागला. हळद पिवळी होती. आजीने पूर्ण तीन तास बघितला, मध्ये फक्त दोनदा विचारलं की बत्ती का घालवली म्हणून.